विलायतेची वाट आणि शिष्यवृत्तीची अट

तेल्हारा हे अकोला जिल्ह्याच्या उत्तर अंगाचे तालुक्याचे गाव. वर सातपुड्याची निळसर रांग, खाली पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा आणि मध्ये कपाशीची काळी जमीन. या पट्ट्यातली रुई एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच समुद्रापार पोहोचली होती. मुंबईच्या आणि लिव्हरपूलच्या बाजारात वऱ्हाडी कापसाला ‘ऊमरा’ म्हणत. अमरावतीच्या ‘उमरावती’ या जुन्या उच्चाराचे ते व्यापाऱ्यांनी केलेले आखूड रूप. गाठीचे भाडे ठरलेले, दलाली ठरलेली, विमा ठरलेला. परंतु ती कपाशी पिकवणाऱ्याच्या मुलाला त्याच बोटीने शिकायला जायचे असेल, तर त्याचे भाडे कोणी भरायचे?

या प्रश्नाला गेल्या दीडशे वर्षांत मुंबई विद्यापीठाने, इंग्रज सरकारने, लंडनमधल्या क्रांतिकारकांनी, बडोद्याच्या दरबाराने आणि शेवटी स्वतंत्र भारताच्या सरकारने आपापली उत्तरे दिली. यांतले एकही उत्तर बिनअटीचे नव्हते. शिष्यवृत्तीची रक्कम लवकर विस्मरणात जाते. अट मात्र देणाऱ्याचे मन उघडे करते. म्हणून हा इतिहास अटींच्या अंगाने पाहणे बरे.

आरंभ कापसापासूनच करावा लागतो. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्यांची सारी भूक हिंदुस्थानी कापसावर येऊन पडली. मुंबईत पैशाचा पूर आला. वऱ्हाडातून गाठी भरभरून जाऊ लागल्या; पुढे १८७० मध्ये तर जलंब ते खामगाव असा एक छोटा लोहमार्ग केवळ कापसासाठी टाकला गेला आणि त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावी आला. या तेजीत मुंबईच्या शेठसावकारांनी जो पैसा मिळवला त्यातला काही भाग नव्याने स्थापन झालेल्या विद्यापीठाकडे वळला. मुंबई विद्यापीठ १८५७ चे. त्याची पहिली बी.ए.ची तुकडी १८६२ मध्ये बाहेर पडली. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे त्या तुकडीतले. हे पदवीधर विलायत पाहून आले पाहिजेत, असे वाटणारी माणसे तेव्हा मुंबईत होती.

त्यांपैकी एक मंगळदास नथुभाई. कपोळ वाणी समाजातले हे धनाढ्य गृहस्थ. त्यांनी वीस हजार रुपये विद्यापीठाला देऊन हिंदू पदवीधरांसाठी प्रवास-शिष्यवृत्ती सुरू केली. ‘हिंदू’ ही अट आज संकुचित वाटेल. पण तिच्यामागचे कारण समजून घेतले पाहिजे. पारशी तरुण तेव्हाही विलायतेला जात होते. हिंदूंना मात्र समुद्र ओलांडणे म्हणजे जातीबाहेर पडणे होते. मंगळदासांच्याच कपोळ ज्ञातीतले सुधारक करसनदास मुळजी १८६३ मध्ये इंग्लंडला जाऊन आले आणि ज्ञातीने त्यांना वाळीत टाकले. अशा वेळी विद्यापीठाच्या नावाने, प्रतिष्ठेच्या आवरणात मिळणारा पैसा ही केवळ आर्थिक मदत नव्हती. ती एक सामाजिक ढाल होती. ज्ञातीपुढे सांगायला एक निमित्त मिळत होते : मुलगा चैनीसाठी नव्हे, विद्यापीठाने पाठवला म्हणून गेला.

दुसरे दाते रुस्तमजी जमशेटजी जीजीभाई. हिंदी तरुणांनी इंग्लंडला जाऊन बॅरिस्टर व्हावे म्हणून त्यांनी दीड लाख रुपये देऊ केले. पाच तरुणांची सोय त्यातून व्हायची होती. एल्फिन्स्टन महाविद्यालयाचे प्राचार्य सर अलेक्झांडर ग्रँट यांनी मुंबईतून फिरोजशहा मेहता यांची शिफारस केली. कलकत्त्याहून व्योमेशचंद्र बॅनर्जी निघाले. दोघेही १८६४ मध्ये. पुढच्याच वर्षी अमेरिकेतले युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले आणि १ जुलै १८६५ या हिशेबाच्या दिवशी मुंबईतल्या पेढ्यांमागून पेढ्या बुडाल्या. रुस्तमजीही बुडाले. लंडनमध्ये फिरोजशहांची रक्कम बंद झाली; त्यांनी कसेबसे शिक्षण पुरे केले आणि १८६८ मध्ये बॅरिस्टर होऊन परतले. बॅनर्जी १८८५ मध्ये काँग्रेसचे पहिले अध्यक्ष झाले, फिरोजशहा १८९० मध्ये. काँग्रेसच्या या दोन अध्यक्षांच्या विलायतेच्या तिकिटात कापसाच्या तेजीचा, म्हणजे काही अंशी वऱ्हाडच्या काळ्या मातीचा, वाटा होता. वऱ्हाडातल्या एकाही शेतकऱ्याला याची वार्ता असण्याचे कारण नव्हते.

वऱ्हाडच्या मुलाला तर ही दारे दुरूनही दिसत नव्हती. येथे विद्यापीठ नव्हते, महाविद्यालय नव्हते. प्रांत नावाला निजामाचा, कारभार हैदराबादच्या इंग्रज रेसिडेंटचा. १९०३ मध्ये वऱ्हाड मध्यप्रांताला जोडला गेला, तेव्हाही पदवीसाठी नागपूर, पुणे वा मुंबई गाठावी लागे. नागपूर विद्यापीठ १९२३ मध्ये निघाले आणि अमरावतीचे किंग एडवर्ड महाविद्यालयही त्याच वर्षीचे. विद्यापीठाची शिष्यवृत्ती विद्यापीठाच्या पदवीधरालाच मिळणार. जिथे पदवीधर होण्याचीच सोय नाही, तिथे परदेशाची गोष्ट दूरची. अट कागदावर लिहिलेली असतेच असे नाही. कधी ती नकाशातच असते.

सरकारने या क्षेत्रात पाऊल टाकले ते चाचपडत. १८६८ मध्ये गव्हर्नर जनरल सर जॉन लॉरेन्स यांनी वर्षाला दोनशे पौंडांच्या नऊ शिष्यवृत्त्या जाहीर केल्या. हिंदी तरुणांनी इंग्लंडमध्ये शिकून सनदी नोकरीच्या परीक्षेला बसावे, असा हेतू त्यामागे होता. भारतमंत्री ड्यूक ऑफ अर्गाइल यांना ते रुचले नाही आणि योजना थोड्याच काळात गुंडाळली गेली. १८८० च्या दशकात सरकारी शिष्यवृत्त्या पुन्हा सुरू झाल्या, पण संख्या अगदी मोजकी. विद्यापीठांना पाळीपाळीने मिळणारी.

या मोजक्या जागांपैकी एक मुंबई विद्यापीठाच्या वाट्याला आली, तेव्हा गुणानुक्रमाने तिचा हक्क सांगणारी व्यक्ती होती नाशिकला जन्मलेली कॉर्नेलिया सोराबजी. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकून तिने पहिल्या वर्गात पदवी मिळवली होती. शिष्यवृत्ती तिला नाकारण्यात आली, कारण ती स्त्री होती. नियम लिहिणाऱ्यांच्या मनात अशी शक्यताच कधी आली नव्हती. विलायतेत यावर गवगवा झाला. लेडी मेरी हॉबहाउस आणि फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्यासारख्यांनी वर्गणी गोळा केली आणि १८८९ मध्ये कॉर्नेलिया ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिलमध्ये दाखल झाली. १८९२ मध्ये तिने कायद्याची बी.सी.एल. परीक्षा दिली. पदवी मात्र हाती पडली ती १९२० नंतर, ऑक्सफर्डने स्त्रियांना पदव्या देण्याचा निर्णय केल्यावर. हुकलेल्या शिष्यवृत्तीचे दुःख वर्गणीने भरून निघाले खरे; पण वर्गणी ही कृपा असते आणि शिष्यवृत्ती हा हक्क असतो, हा फरक राहतोच.

त्याच सुमारास, १८९२ मध्ये, जमशेटजी टाटांनी आपला शिक्षणनिधी काढला. त्याच्या पहिल्या मानकऱ्यांत दोन स्त्रिया होत्या, दोघीही डॉक्टर : फ्रेनी कामा आणि कोल्हापूरच्या कृष्णाबाई केळवकर. टाटांनी देणगी न देता कर्ज दिले. शिकून आलेल्याने पैसे परत करायचे आणि त्याच पैशांवर पुढचा जायचा. अट व्यापाऱ्याची होती, पण सरळ होती; त्यात निष्ठा विचारलेली नव्हती.

सरकारी शिष्यवृत्तीचे सर्वांत गाजलेले यश म्हणजे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे. दापोलीजवळच्या मुर्डीचा हा मुलगा १८९६ मध्ये केंब्रिजला गेला आणि १८९९ मध्ये गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत सीनियर रँग्लर झाला. हा मान मिळवणारा तो पहिला हिंदी माणूस. सरकारने त्याच्यावर नोकरीचे बंधन घातले नव्हते. परांजप्यांनी स्वतःवर घातले. परत येऊन डेक्कन एज्युकेशन सोसायटीची सेवा करण्याचे वचन त्यांनी आधीच दिले होते. ते परतले आणि फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. स्वखुशीने पत्करलेली अट कशी असते, याचे हे उदाहरण जवळ ठेवावे. कारण पुढचे उदाहरण अगदी उलट आहे.

पारनेरचे पांडुरंग महादेव बापट. पुढे मुळशी सत्याग्रहामुळे ज्यांना महाराष्ट्राने ‘सेनापती’ म्हटले, तेच हे. डेक्कन कॉलेजातून बी.ए. झाल्यावर त्यांना मुंबई विद्यापीठाची मंगळदास नथुभाई शिष्यवृत्ती मिळाली आणि १९०४ मध्ये ते यंत्र-अभियांत्रिकी शिकण्यासाठी एडिंबरोला गेले. कापसाच्या तेजीतून जन्मलेला तो निधी चाळीस वर्षांनी एका गरीब घरच्या तरुणाला स्कॉटलंडपर्यंत घेऊन गेला होता. दात्याच्या मनात होते तेच घडले असे म्हणावे, तर पुढचा भाग दात्याला स्वप्नातही दिसला नसता. बापट केवळ यंत्रे शिकले नाहीत. ते तिथल्या सभांना जाऊ लागले, तिथल्या स्वयंसेवक पथकात बंदूक चालवायला शिकले आणि हिंदुस्थानातल्या ब्रिटिश राज्यावर त्यांनी जाहीरपणे टीका केली. त्याचा परिणाम झटपट झाला : शिष्यवृत्ती बंद.

शिष्यवृत्तीच्या नियमांत राजनिष्ठा हा शब्द असो वा नसो, विद्यापीठ सरकारच्या छायेत होते आणि ती छाया कागदावरच्या अक्षरांपेक्षा लांब पडत होती. बापट एडिंबरोत निर्धन झाले. मग त्यांना आधार मिळाला तो लंडनच्या इंडिया हाउसचा आणि श्यामजी कृष्णवर्म्यांचा. बापट पॅरिसला गेले, हेमचंद्र दास यांच्याबरोबर बॉम्ब बनवण्याची विद्या रशियन क्रांतिकारकांकडून शिकले आणि १९०८ मध्ये ती घेऊन देशात परतले. शिष्यवृत्ती चालू राहिली असती, तर ते अभियंता होऊन आले असते का, हा प्रश्न निरर्थक आहे. बापटांनी देशासाठी सर्वस्व देण्याची शपथ विलायतेला जाण्यापूर्वीच घेतली होती. पण विद्यापीठाने एक विद्यार्थी तोडला आणि तो कोणत्या दाराशी गेला, एवढे तरी या प्रकरणातून स्पष्ट दिसते.

ते दार कोणते होते, हे पाहण्यासारखे आहे. श्यामजींनी १९०५ मध्ये लंडनमध्ये हर्बर्ट स्पेन्सर यांच्या नावाने हिंदी पदवीधरांसाठी दोन दोन हजार रुपयांच्या शिष्यवृत्त्या काढल्या. पॅरिसमधले जवाहिऱ्या सरदारसिंह राणा यांनी त्यात दोन दोन हजारांच्या तीन प्रवास-शिष्यवृत्त्यांची भर घातली. त्यांतली एक शिवाजी महाराजांच्या नावाची. हिची अट जगावेगळी होती. सरकारी शिष्यवृत्ती घेणाऱ्याने सरकारची नोकरी करावी अशी सर्वसाधारण अपेक्षा. इथे मात्र लिहून द्यायचे होते की इंग्रज सरकारची नोकरी कधीही करणार नाही. लोकमान्य टिळकांच्या शिफारशीवरून शिवाजी शिष्यवृत्ती मिळाली विनायक दामोदर सावरकरांना. जून १९०६ मध्ये ते मुंबईहून ‘पर्शिया’ बोटीने निघाले. खर्चाला शिष्यवृत्ती पुरी पडणारी नव्हती. त्यांचे सासरे, जव्हार संस्थानातले चिपळूणकर, यांनी उरलेला भार उचलला.

इंग्रज सरकार हे सारे पाहत होते. १९०७ मध्ये विलायतेतल्या हिंदी विद्यार्थ्यांची चौकशी करण्यासाठी सर विल्यम ली-वॉर्नर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. समितीच्या अंदाजाने तेव्हा तिथे सुमारे सातशे हिंदी विद्यार्थी होते. अहवाल इतका नाजूक ठरला की तो त्या वेळी प्रसिद्ध झालाच नाही. १९२२ मध्ये लिटन समितीच्या कामाबरोबर तो बाहेर आला. १९०९ मध्ये लंडनमध्ये विद्यार्थ्यांसाठी सल्लागार नेमला गेला, माहितीची कचेरी निघाली. कचेरीचे काम मदतीचे, असे सांगितले जाई. विद्यार्थ्यांना मात्र ती पाळत वाटे, आणि त्यांचे वाटणे अगदी निराधार नव्हते.

वऱ्हाडच्या शेजारी, वर्ध्याला वाढलेल्या पांडुरंग खानखोजे यांनी या सगळ्या दारांना बगल दिली. शिष्यवृत्ती नाही, घरची संमती नाही. जपानमार्गे ते अमेरिकेत पोहोचले, पडेल ती मजुरी केली आणि ऑरेगन व वॉशिंग्टन इथल्या महाविद्यालयांत शेतकी शिकले. गदर चळवळीच्या आरंभीच्या माणसांत त्यांचे नाव येते. पुढे ते मेक्सिकोत जाऊन मक्याच्या संशोधनात नावाजले आणि दिएगो रिव्हेराने आपल्या भित्तिचित्रात त्यांना रंगवले. त्यांच्या मार्गात अट कोणाचीच नव्हती. किंमत मात्र मोठी होती. मायदेशी राहायला यायला त्यांना स्वातंत्र्याची वाट पाहावी लागली.

आता बडोदा. ही कथा महाराष्ट्राला तोंडपाठ आहे असे आपण समजतो, पण तिचा करार सहसा कोणी वाचत नाही. सयाजीराव गायकवाडांनी भीमराव आंबेडकरांना आधी एल्फिन्स्टन महाविद्यालयात बी.ए. करताना दरमहा पंचवीस रुपये दिले. म्हणजे पदवी मिळण्याच्या आधीची ही मदत. शिष्यवृत्त्यांच्या इतिहासात हा टप्पा नेहमी दुर्लक्षिला जातो. पदवीनंतर ४ जून १९१३ रोजी बडोदा दरबाराशी करार झाला : दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षे, न्यूयॉर्कचे कोलंबिया विद्यापीठ, परतल्यावर बडोदा संस्थानात दहा वर्षे नोकरी. जुलै १९१३ मध्ये आंबेडकर न्यूयॉर्कला उतरले. एम.ए. झाले, पीएच.डी.साठी प्रबंध लिहिला, मे १९१६ मध्ये एका चर्चासत्रात भारतातील जातींच्या उत्पत्तीवर निबंध वाचला आणि मग लंडनला जाऊन अर्थशास्त्राचा व बॅरिस्टरीचा अभ्यास सुरू केला. १९१७ मध्ये मुदत संपली आणि दरबाराने त्यांना परत बोलावले. सामान वेगळ्या बोटीने निघाले होते; ती बोट जर्मन पाणबुडीने बुडवली आणि पुस्तके, कागद समुद्रात गेले.

करारानुसार ते बडोद्याला रुजू झाले. त्यांच्या दहा वर्षांच्या बंधनाचे काय झाले, हे त्यांनी स्वतःच नंतर लिहून ठेवले आहे. शहरात राहायला जागा मिळेना. पारशाच्या पथिकाश्रमात त्यांनी नाव लपवून खोली घेतली. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दाराशी आला आणि त्यांना बाहेर काढले. कचेरीत शिपाई त्यांच्या टेबलावर कागद लांबून टाकीत. आंबेडकर मुंबईला परतले. दरबाराने अट पाळण्याची अपेक्षा केली होती. पण अट पाळायला माणसाला रात्री डोके टेकायला जागा लागते, ती सोय कराराच्या कुठल्याच कलमात नव्हती. महाराज उदार होते यात शंका नाही. त्यांची राजधानी तशी नव्हती. परतफेडीचा तगादा मात्र पुढे काही काळ सुरू राहिला.

अपुरा राहिलेला अभ्यास पुरा करायला आंबेडकर १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले, ते सिडनहॅम महाविद्यालयातल्या प्राध्यापकीतून वाचवलेल्या पैशांवर, कोल्हापूरच्या शाहू महाराजांच्या मदतीवर आणि नवल भथेना या पारशी मित्राने दिलेल्या कर्जावर.

शाहू महाराजांचे नाव आले की वऱ्हाडला आपला एक दुवा आठवतो. डिसेंबर १९१७ मध्ये खामगावला अखिल भारतीय मराठा शिक्षण परिषद भरली, तिचे अध्यक्ष शाहू महाराज होते. तेल्हाऱ्याहून खामगाव काही फार लांब नाही; शेगाव ओलांडले की खामगाव. ज्या गावात व्हाइसरॉय कापसाच्या लोहमार्गासाठी आला होता, त्याच गावात सत्तेचाळीस वर्षांनी कोल्हापूरचे महाराज शेतकऱ्यांच्या मुलांच्या शाळेविषयी बोलत होते.

या परिषदेनंतर तीन वर्षांनी वऱ्हाडातला एक कुणबी घरचा मुलगा विलायतेला निघाला. अमरावती जिल्ह्यातल्या पापळ गावी १८९८ मध्ये जन्मलेले पंजाबराव शामराव देशमुख. गावची शाळा, मग चांदूर रेल्वे, कारंजा, अमरावती, मग पुण्याचे फर्ग्युसन महाविद्यालय आणि तिथून १९२० मध्ये थेट एडिंबरो. जाताना त्यांच्या हातात कोणत्याही विद्यापीठाचा वा दरबाराचा पैसा नव्हता. वडिलांनी शेतीच्या आधारावर रक्कम उभी केली; जमीन गहाण पडली, असे वऱ्हाडात आजही सांगतात. म्हणजे कपाशीच्या जमिनीनेच शेवटी भाडे भरले, पण या वेळी ते मुलासाठी भरले. एडिंबरोत गेल्यावर त्यांच्या गुणांवर तिथल्या विद्यापीठाची व्हॅन्स डनलॉप शिष्यवृत्ती संस्कृतसाठी मिळाली. एडिंबरोची एम.ए., बॅरिस्टरी आणि ऑक्सफर्डची डी.फिल. घेऊन ते १९२६ मध्ये परतले. प्रबंधाचा विषय होता वैदिक वाङ्मयातील धर्माचा उगम आणि विकास. तो १९३३ मध्ये ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने छापला. वेदांचा अधिकार ज्या वर्गाला नाकारला गेला होता, त्या वर्गातल्या मुलाने स्कॉटलंडमध्ये संस्कृत शिकून वेदांवर प्रबंध लिहावा, यात एक निराळाच खट्याळपणा आहे.

परतल्यावर पंजाबरावांनी १९३२ मध्ये अमरावतीला श्री शिवाजी शिक्षण संस्था काढली. पुढे ते दहा वर्षे केंद्रात कृषिमंत्री होते. अकोल्याचे कृषी विद्यापीठ १९६९ चे. त्याला आज त्यांचेच नाव आहे. तेल्हाऱ्याच्या मुलाला घरापासून जवळ पदवी घेता येऊ लागली ती या पिढीच्या खटपटीने, आणि १९८३ मध्ये अमरावती विद्यापीठ वेगळे झाल्याने. नकाशातली ती जुनी अट साठ वर्षांत, टप्प्याटप्प्याने, पुसली गेली.

पैशाची अट सुटायला आणखी एका माणसाचा हात लागला. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना आंबेडकरांनी ऑक्टोबर १९४२ मध्ये अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचे एक निवेदन सरकारला दिले. त्यात देशातल्या विज्ञान-तंत्र शिक्षणासाठी आणि परदेशी शिक्षणासाठी वेगळ्या रकमा मागितल्या होत्या. बडोद्याच्या साडेअकरा पौंडांवर शिकलेला माणूस आता संस्थानिकाच्या कृपेऐवजी अर्थसंकल्पातली तरतूद मागत होता. त्यातून वर्षाला तीन लाखांचे अनुदान मंजूर झाले. स्वातंत्र्यानंतर १९५४-५५ पासून केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती सुरू झाली. महाराष्ट्र सरकारने २००३ मध्ये अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने परदेश शिष्यवृत्ती काढली. तिच्या जागा वाढत वाढत वर्षाला ७५ झाल्या. शिक्षणशुल्क, राहण्याचा खर्च, विमानभाडे असे सगळे त्यात मिळते.

या दोन्ही योजना पदव्युत्तर शिक्षणासाठी आणि पीएच.डी.साठी आहेत. पदवीचे शिक्षण घेणाऱ्याला त्यांत जागा नाही. युरोपात महाविद्यालयीन मुलगा एखादे सत्र शेजारच्या देशात शिकून येतो आणि १९८७ पासून इरॅस्मस नावाची योजना त्याला पैसे देते. तसली सवय आपल्याकडे लागली नाही. परिणाम असा की तेल्हाऱ्यातला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी परदेश हा शब्द आपल्याशी जोडतच नाही, आणि पदवी हाती आल्यावर जेव्हा योजनेची जाहिरात त्याच्या नजरेस पडते, तेव्हा प्रवेशाचे पत्र, इंग्रजीची परीक्षा, शिफारसपत्रे या सगळ्याला उशीर झालेला असतो. यांतले प्रत्येक काम शिष्यवृत्ती मिळण्यापूर्वी, स्वतःच्या खर्चाने करायचे असते. पंजाबरावांच्या वडिलांपुढचा प्रश्न आकाराने लहान झाला आहे, नाहीसा झालेला नाही.

ही दरी ओळखून काम करणारी माणसे याच मातीतून आली. बुलढाणा जिल्ह्यात लोणार तालुक्यातल्या पिंपरी खंदारेचे राजू केंद्रे यांनी यवतमाळला ‘एकलव्य’ ही संस्था सुरू केली. शिकणाऱ्या पहिल्या पिढीतल्या मुलांना चांगल्या विद्यापीठांचे अर्ज भरायला, निबंध लिहायला, मुलाखतीला तयार करणे हे तिचे काम. केंद्रे स्वतः नंतर चेव्हनिंग शिष्यवृत्तीवर लंडनला जाऊन आले. चेव्हनिंग ही ब्रिटिश सरकारची शिष्यवृत्ती, आणि तिची अट ऐकण्यासारखी आहे : शिक्षण संपले की दोन वर्षे मायदेशी राहायचे. ज्या सरकारने बापटांचा पैसा तोडला, त्याच देशाचे सरकार आता शिकलेल्याला परत घरी धाडते.

अटींचा इतिहास इथेच थांबत नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीच्या नियमांत एक कलम आले. भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यास या विषयांसाठी परदेशी जायला यापुढे ही शिष्यवृत्ती मिळणार नाही. असे विषय देशातच शिकता येतात, हे त्याचे समर्थन. योजनेत एकूण १२५ जागा आहेत. त्यांतल्या ११५ अनुसूचित जातींसाठी, ६ विमुक्त व भटक्या जमातींसाठी आणि ४ भूमिहीन शेतमजूर व पारंपरिक कारागिरांसाठी. म्हणजे ज्यांच्या आजोबा-पणजोबांचा इतिहास अजून पुरता लिहिलाच गेलेला नाही, नेमक्या त्यांच्यासाठीच्या योजनेतून इतिहास वगळला गेला.

हे कलम १९१६ मध्ये असते, तर जातीच्या उत्पत्तीवरचा कोलंबियातला तो निबंध या पैशावर लिहिता आला नसता. १९२० च्या दशकात असते, तर पापळच्या मुलाचा वैदिक धर्मावरचा प्रबंधही त्यात बसला नसता. राज्य सरकारच्या योजनेचे दार मात्र वेगळे आहे. तिचा कारभार पुण्याच्या समाजकल्याण आयुक्तालयाकडे आहे, आणि तेल्हाऱ्याच्या मुलाला आजही विलायतेच्या आधी पुणेच गाठावे लागते.